आरएफआयडीने मालाचा माग : नव्याने सुरुवात करणाऱ्या व्यवसायासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

गोदाम, कारखाना, दुकान किंवा भाड्याने साहित्य देणारा व्यवसाय यांपैकी काहीही तुम्ही चालवत असाल आणि मालाच्या नोंदी आरएफआयडीवर न्याव्यात असा विचार मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तू ओळखणे: वस्तूवर चिप आणि अँटेना असलेला छोटा टॅग लावतात आणि रीडर नावाचे यंत्र त्या चिपमधला क्रमांक लहरींनी वाचते. या तंत्राविषयी बाजारात जे ऐकायला मिळते त्यात टॅग आणि रीडर यांचीच वर्णने जास्त असतात. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर मात्र अडते ते क्रमांकपद्धती, दाराजवळची मांडणी, सॉफ्टवेअरमधले नियम आणि माणसांच्या रोजच्या सवयी या ठिकाणी. असे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की नुसता टॅग वाचला गेल्याने व्यवसायाचा काहीच फायदा होत नाही. त्या वाचनामुळे कोणीतरी काहीतरी वेगळे करते, गाडी थांबवते, साठा दुरुस्त करते, ग्राहकाला क्रेट परत मागते, तेव्हा फायदा होतो. खालच्या पायऱ्या याच कसोटीवर मांडल्या आहेत.

१. प्रश्न आधी ठरवा, टॅग नंतर

पहिल्याच बैठकीत ‘सगळ्या मालाला टॅग लावायचे’ असा सूर निघाला, तर तिथेच थांबावे. सोडवायचा प्रश्न एका वाक्यात लिहिता आला पाहिजे. पाठवलेल्या मालात चुकीची खोकी का जातात? परत यायला हवेत ते क्रेट आणि पिंप कोणाकडे अडकले आहेत? नोंदीत दिसतो पण फळीवर सापडत नाही, असा माल किती आहे? दुरुस्तीला आलेले यंत्र आज कोणत्या टप्प्यावर आहे? या प्रत्येक प्रश्नाला वेगळा टॅग, वाचनाची वेगळी जागा आणि वेगळी नोंद लागते, त्यामुळे चारही प्रश्न एकदम हाती घेतले तर एकही धड सुटत नाही.

सर्वांत भरवशाचा फायदा मोजदादीत आहे, आणि तो लोक समजतात तसा केवळ वेळ वाचण्याचा नाही. बारकोडने मोजताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिचे लेबल स्कॅनरसमोर धरावे लागते, म्हणून पूर्ण मोजदाद वर्षातून एकदोनदाच होते. तेव्हा तूट दिसते, पण ती कधी आणि कशामुळे पडली हे सांगणारा मागमूस तोवर उरलेला नसतो. हातातला आरएफआयडी रीडर घेऊन रॅकच्या कडेने चालत गेले की खोकी न उघडता, लेबल समोर नसतानाही, सेकंदाला अनेक टॅग वाचले जातात, आणि मोजदाद दर आठवड्याला करणे परवडते. मग तूट कोणत्या आठवड्यात पडली हे कळते, त्या आठवड्याची आवक-जावक तपासता येते आणि कारण हाती लागते. मोजदाद स्वस्त झाल्याने ती वारंवार होते आणि वारंवार झाल्याने चुकीचे मूळ सापडते, अशी ही साखळी आहे.

त्याखालोखाल फायदा जावकेच्या तपासणीत मिळतो. प्रत्येक टॅगला स्वतंत्र क्रमांक असल्याने ‘या प्रकारची २० खोकी गेली’ एवढ्यावर न थांबता नेमकी कोणती २० खोकी गेली हे नोंदवता येते, आणि पुढे एखादा माल सदोष निघाला तर तेवढाच परत मागवता येतो. फिरत्या साहित्याच्या बाबतीत, म्हणजे क्रेट, ट्रॉली, साचे, अवजारे, धुलाईला जाणारे कपडे यांच्या बाबतीत, टॅग शेकडो फेऱ्या वापरला जातो. म्हणून तो थोडा महाग असला तरी दर फेरीमागे त्याचा भार नगण्य राहतो.

याच ठिकाणी एक स्पष्ट इशारा द्यायला हवा. माल थोडा असेल, एकेक नग हाताळला जातच असेल आणि बारकोड शिस्तीने स्कॅन होत असेल, तर बारकोडच ठेवा. शिस्त नसेल तर आरएफआयडीने ती आपोआप येणार नाही, आणि शिस्त असेल तर कदाचित या खर्चाची गरजच नाही.

फायदा नेमका कोणाच्या पदरात पडणार, हेही आधीच तपासावे. २००३ साली वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने आपल्या सर्वांत मोठ्या १०० पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर (खोकी रचून उचलायच्या फळीवर) टॅग लावायला सांगितले. बऱ्याच पुरवठादारांनी माल गाडीत चढवण्याच्या अगदी आधी टॅग चिकटवून ती अट पाळली. स्वतःच्या कामात त्या टॅगचा उपयोग न केल्याने त्यांच्या वाट्याला खर्च आला आणि माहिती मात्र दुसऱ्याच्या हाती गेली. तुमच्या ग्राहकानेच टॅगची अट घातली असेल, तर टॅग उत्पादनाच्या सुरुवातीलाच लावता येतो का ते पाहा, म्हणजे तोच टॅग आधी तुमच्या कामी येईल.

२. कोणत्या लहरी तुमच्या कामाच्या, ते ओळखा

आरएफआयडी हे एकच तंत्र नाही. १२५ ते १३४ किलोहर्ट्‌झच्या कमी वारंवारितेचे टॅग काही सेंटिमीटरवरून वाचले जातात, आणि पाणी किंवा शरीर जवळ असले तरी फारसे अडत नाहीत. म्हणून ते जनावरांच्या ओळखीसाठी आणि प्रवेशाच्या काही कार्डांसाठी वापरतात. १३.५६ मेगाहर्ट्‌झचे टॅग ग्रंथालयातल्या पुस्तकांत, तिकिटांत आणि मोबाईलला टेकवायच्या कार्डांत असतात. त्यांची मजल प्रकारानुसार काही सेंटिमीटरपासून फार तर मीटरभर असते. गोदाम आणि दुकानांच्या कामी येतात ते बहुधा ८६० ते ९६० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातले, ज्यांना व्यवहारात यूएचएफ टॅग म्हणतात. चांगल्या परिस्थितीत ते काही मीटर, कधी दहा मीटरपर्यंतही वाचले जातात. या लेखात पुढे मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या अँटेनातून आलेल्या लहरींतूनच चिपला वीज मिळते आणि चिप त्याच लहरी कमी-अधिक परावर्तित करून आपला क्रमांक कळवते; आरसा हलवून दूरच्या माणसाला उन्हाच्या कवडशाने खूण करावी, तसे. त्यामुळे टॅग स्वतःहून कधीच बोलत नाही. ‘माझा माल आत्ता कुठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर बॅटरी नसलेला टॅग देऊ शकत नाही. तो शेवटी कोणत्या रीडरसमोर आणि किती वाजता दिसला, एवढेच कळते. हा फरक वरिष्ठांना सुरुवातीलाच समजावून सांगा, नाहीतर नकाशावर हलणारे ठिपके पाहण्याची अपेक्षा घेऊन ते बसतील. सतत ठावठिकाणा हवाच असेल तर बॅटरी असलेले टॅग मिळतात आणि ते शंभर मीटर किंवा अधिक अंतरावरूनही ऐकू येतात, पण त्यांची किंमत, आकार आणि बॅटरीची देखभाल हा वेगळाच हिशोब आहे.

आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वी पाहावी. यूएचएफ रीडरला मुभा असलेला पट्टा प्रदेशानुसार बदलतो: युरोपात आणि भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ, तर अमेरिकेत ९०२ ते ९२८. टॅग बहुतेक सगळीकडे चालतात, रीडर मात्र ज्या प्रदेशासाठी बनवला आहे तिथेच वापरायचा असतो. दुसऱ्या प्रदेशाचा रीडर स्वस्तात मिळाला म्हणून आणला, तर तो नियमबाह्य ठरतो आणि इथल्या मोबाईल सेवेतही व्यत्यय आणू शकतो.

३. आपल्याच मालावर टॅग तपासून घ्या

टॅगच्या माहितीपत्रकात दिलेले अंतर मोकळ्या जागेतले असते आणि तुमचा माल मोकळ्या जागेत नसतो. यूएचएफ लहरींचे दोन वैरी आहेत. पाणी त्या शोषून घेते, म्हणून द्रवाच्या बाटल्या, ओली फळे, मांस, इतकेच काय माणसाचा हातसुद्धा टॅगला झाकतो. धातू त्या परावर्तित करतो आणि साधा टॅग धातूला टेकला की त्याच्या अँटेनाचा लहरींशी असलेला मेळच (ट्यूनिंग) बिघडतो, मग तो अगदी जवळूनही वाचला जात नाही. धातूसाठी वेगळे टॅग मिळतात. त्यांत अँटेना आणि धातू यांच्यामध्ये फोम, सिरॅमिक किंवा प्लॅस्टिकचा थर असतो. ते जाड आणि महाग असतात, पण योग्य जागी लावल्यास धातूचाच आधार घेऊन चांगले चालतात.

तपासणी अशी करावी. ज्या वस्तूंना टॅग लावायचे आहेत त्यांतल्या सर्वांत अवघड वस्तू निवडाव्यात, सोप्या नव्हेत. दोन-तीन प्रकारचे टॅग प्रत्येक वस्तूवर तीन-चार जागी लावून पाहावेत, रीडरची शक्ती कमी करत जावी आणि कोणत्या पातळीपर्यंत टॅग उत्तर देतो ते लिहून ठेवावे. पुरेशी शक्ती असताना सगळेच टॅग वाचले जातात, त्यामुळे फरक कळत नाही. खरा फरक कमी शक्तीवर उघडा पडतो. त्यानंतर वस्तू खोक्यात, खोकी पॅलेटवर आणि पॅलेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, म्हणजे प्रत्यक्षात जशी जाते तशीच, पुन्हा तपासावी.

बाटल्यांच्या खोक्यात टॅग झाकणाच्या बाजूला, मोकळ्या हवेच्या कप्प्याशेजारी लावला तर बराच सुधार होतो. बाटल्यांच्या मधोमध आलेला टॅग मात्र पूर्णपणे आंधळा होतो. एकावर एक रचलेल्या पातळ वस्तूंवर, उदाहरणार्थ कागदी फाइली किंवा घडी केलेले कपडे यांवर, सगळे टॅग एकाच ठिकाणी लावले तर ते एकमेकांवर येऊन एकमेकांचा मेळ बिघडवतात. लेबलाची जागा थोडी पुढे-मागे ठेवली की हा प्रश्न जवळजवळ मिटतो. या साध्या उपायाकडे लोक दुर्लक्ष का करतात, हे मला आजवर समजलेले नाही.

चिकटपणाही तपासा. धूळ, तेल, थंडी, वाफ किंवा धुलाई यांत लेबल टिकले नाही तर चिप कितीही उत्तम असून उपयोग नाही. फिरत्या साहित्यावर चिकट लेबलापेक्षा रिव्हेटने बसवलेला किंवा प्लॅस्टिकमध्ये ओतलेला टॅग बरा.

४. क्रमांकपद्धती ठरवा आणि ती लिहून ठेवा

हा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे, म्हणूनच तो टाळला जातो आणि म्हणूनच पुढे सर्वांत महागात पडतो. यूएचएफ टॅगच्या स्मृतीचे चार कप्पे असतात: पासवर्डचा कप्पा, ईपीसी म्हणजे वस्तूच्या क्रमांकाचा कप्पा, टीआयडी म्हणजे चिप बनवणाऱ्याने कायमचा कोरलेला क्रमांक, आणि काही चिपमध्ये वापरकर्त्यासाठीची थोडी जागा. तुम्ही लिहिता तो ईपीसी. तो बहुधा ९६ बिटांचा असतो आणि पडद्यावर २४ अक्षरांच्या षोडशमान संख्येच्या रूपात दिसतो.

हे ९६ बिट कसे भरायचे याचे प्रमाणित साचे जीएस१ या, बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेने ठरवले आहेत. विक्रीच्या वस्तूंसाठी एसजीटीआयएन, पाठवणीच्या पॅलेटसाठी एसएससीसी, परत येणाऱ्या क्रेटसाठी जीआरएआय आणि मालमत्तेसाठी जीआयएआय असे ते साचे आहेत. तुमच्या मालावर आधीच बारकोड असेल तर एसजीटीआयएन सोयीचा, कारण त्यात बारकोडमधला वस्तू-क्रमांक आणि त्याच्या जोडीला ३८ बिटांचा स्वतंत्र अनुक्रमांक बसतो. टॅग तुमच्या दाराबाहेर कधीच जाणार नसतील तर स्वतःची पद्धत चालते; पण एकदा का माल दुसऱ्याच्या गोदामात गेला की तुमचे घरगुती क्रमांक त्यांच्या क्रमांकांशी टकरू शकतात.

इथे नवखे लोक तीन ठिकाणी हमखास फसतात. पहिला सापळा म्हणजे टॅगवरच वस्तूचे नाव, तारीख, किंमत असे सगळे लिहिण्याचा मोह. टॅगवर फक्त क्रमांक असावा आणि बाकी सगळे डेटाबेसमध्ये, कारण डेटाबेसमधली चूक एका जागी दुरुस्त होते, तर टॅगवरची चूक दुरुस्त करायला टॅग शोधत फिरावे लागते. दुसरा म्हणजे कारखान्यातून आलेल्या टॅगवरचा क्रमांक वेगवेगळाच असेल असे गृहीत धरणे. काही रोलवर सगळ्या टॅगचा ईपीसी सारखाच असतो, आणि सारखे क्रमांक असलेले १० टॅग वाचले तरी प्रणालीला एकच वस्तू दिसते. तिसरा म्हणजे क्रमांक लिहून झाल्यावर टॅगला कुलूप न लावणे. पासवर्ड ठेवून ईपीसीचा कप्पा बंद केला नाही, तर हातातला रीडर असलेला कोणीही तो चुकून किंवा मुद्दाम बदलू शकतो.

५. वाचनाच्या जागा मोजक्या आणि अरुंद ठेवा

सगळ्या गोदामात अँटेना बसवण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण माल जिथून गेल्याशिवाय पुढे सरकूच शकत नाही अशा जागेपासून सुरुवात करावी: डॉकचे म्हणजे गाडीत माल चढवण्या-उतरवण्याचे दार, बांधणीचे टेबल, वाहकपट्टा, दुरुस्तीच्या खोलीचा उंबरठा. अशा जागी वाचन झाले की त्याला अर्थ असतो, कारण माल एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात असतो.

टॅग वाचला जात नाही, ही नव्याने सुरुवात करणाऱ्याची भीती असते. प्रत्यक्षात दाराजवळ जास्त त्रास होतो तो नको ते टॅग वाचले गेल्याचा. दारापासून काही मीटरवर ठेवलेली पॅलेट, शेजारच्या दारातून जाणारा फोर्कलिफ्ट, भिंतीपलीकडची रॅक, हे सगळे अँटेनाला दिसू शकते आणि न गेलेला माल गेला म्हणून नोंदला जातो. इथे रीडरची शक्ती कमी करणे हा पहिला उपाय सुचतो, आणि तो करावाही, पण त्याची मर्यादा ओळखून. मोकळ्या जागेत शक्ती निम्मी केली तरी वाचनाचे अंतर निम्मे होत नाही, सुमारे ७० टक्के उरते. शिवाय जमिनीवरून आणि धातूच्या रॅकवरून परावर्तित झालेल्या लहरी अनपेक्षित जागी जाऊन पोहोचतात. या लहरींची लांबी साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असते, त्यामुळे टॅग वीतभर सरकला तरी वाचला जाणारा टॅग दिसेनासा होऊ शकतो आणि न दिसणारा दिसू लागतो.

म्हणून मांडणीकडे लक्ष द्या. दारालगतची काही मीटर जागा पट्टे आखून मोकळी ठेवा आणि तिथे टॅग लावलेला माल थांबू देऊ नका; या एका नियमाने जितका गोंधळ कमी होतो तितका महागड्या यंत्रानेही होत नाही. अँटेना एकमेकींकडे थोड्या आतल्या बाजूला झुकवून बसवाव्यात, शेजारच्या दाराच्या बाजूला धातूची जाळी किंवा पत्रा आडोसा म्हणून लावावा, आणि माल खरोखर दारातून जात असतानाच रीडर सुरू व्हावा यासाठी प्रकाशकिरण तुटल्यावर चालणारा सेन्सर जोडावा. आत-बाहेर अशी दिशा कळायला हवी असेल तर आत एक आणि बाहेर एक अशा दोन अँटेना लावून कोणाला टॅग आधी दिसला ते पाहतात. एकाच अँटेनाच्या संकेताच्या जोरावरून दिशा ओळखण्याची आशा ठेवू नये.

अँटेनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. रेषीय अँटेना लांबवर पोहोचते, पण टॅग तिच्या दिशेशी जुळलेला हवा. वर्तुळाकार ध्रुवीकरणाची अँटेना टॅग आडवा असो वा उभा, दोन्ही वाचते, मात्र थोडे अंतर गमावते. टॅगची दिशा तुमच्या हातात नसेल तर दुसरी घ्यावी. केबल शक्य तितकी लहान ठेवा, कारण लांब आणि पातळ केबलमध्ये शक्ती गळते आणि मग अँटेना बदलून बदलून दोष सापडत नाही.

मोठ्या संख्येने टॅग एका जागी असतील तर रीडरमधली सत्राची (सेशनची) निवड समजून घ्या. टॅगला चार सत्रांपैकी एकात ‘मी एकदा उत्तर दिले’ ही खूण लक्षात ठेवता येते. त्यामुळे आधीच मोजलेले टॅग काही काळ गप्प राहतात आणि मागे लपलेल्या दुबळ्या टॅगना बोलायची संधी मिळते. मोजदादीला हे फार उपयोगी पडते. मात्र जिथे तोच टॅग लगेच पुन्हा दिसायला हवा, तिथे हेच सत्र घात करते.

६. वाचन आणि घटना यांत फरक करणारे सॉफ्टवेअर बसवा

दारात दोन सेकंद थांबलेली एक पॅलेट रीडरकडून शेकडो ओळींचा मजकूर पाठवते. यातली प्रत्येक ओळ हे वाचन आहे, घटना नाही. ‘अमुक पॅलेट अमुक वेळी अमुक दारातून, पाठवणीसाठी, बाहेर गेली’ ही घटना आहे. काय, कुठे, केव्हा आणि कशासाठी, या चार गोष्टी नोंदवण्याचा ईपीसीआयएस नावाचा प्रमाणित नमुना उपलब्ध आहे. व्यवसायाच्या मूळ हिशोबाच्या प्रणालीत वाचने कधीच थेट सोडू नयेत. मधल्या सॉफ्टवेअरने पुनरावृत्ती गाळून, अनोळखी क्रमांक बाजूला काढून, नियम लावून फक्त घटना पुढे द्याव्यात.

हे नियम सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने नव्हे, काम करणाऱ्यांनी सांगायचे असतात. अपेक्षित यादीत २४ खोकी आहेत आणि २३ वाचली गेली, तर काय व्हावे? दिवा लाल होऊन गाडी थांबावी, की नोंद होऊन गाडी जावी? यादीत नसलेले एक खोके वाचले गेले तर ते खरेच चढले आहे की शेजारून वाचले गेले, हे कोण पाहणार? या प्रश्नांची उत्तरे कागदावर नसतील, तर पहिल्याच गर्दीच्या दिवशी कोणीतरी लाल दिव्याकडे दुर्लक्ष करायला शिकेल, आणि ती सवय मोडणे फार कठीण असते.

७. लहान चाचणी घ्या, पण तिचे मोजमाप कठोर ठेवा

एक दार, एक प्रकारचा माल, एक पाळी. चाचणीआधी काही आठवडे जुन्या पद्धतीचे आकडे नोंदवा: मोजदादीला किती माणसांना किती वेळ लागतो, चुकीच्या पाठवण्या किती, नोंद आणि प्रत्यक्ष साठा यांत फरक किती. हे आकडे नसतील तर नंतर फायदा झाला की नाही यावर केवळ वाद होतात.

विक्रेता ‘९९ टक्के वाचन’ म्हणेल तेव्हा ते टॅगमागे की पॅलेटमागे, हे विचारा. प्रत्येक टॅग वाचला जाण्याची शक्यता ९९ टक्के असेल, आणि पॅलेटवर ५० टॅग असतील, तर सगळेच्या सगळे ५० वाचले जाण्याची शक्यता सुमारे ६० टक्केच उरते. म्हणजे दहातल्या चार पॅलेटवर लाल दिवा लागेल. हीच शक्यता टॅगमागे ९९.९ टक्क्यांवर नेली तर पॅलेटमागे ती सुमारे ९५ टक्के होते. दोनदा वाचल्याने चुका कमी होतात हे खरे, पण पहिल्यांदा टॅग धातूमागे दडला म्हणून सुटला असेल, तर दुसऱ्या अँटेनासमोरही तो बहुधा तसाच दडलेला असतो. अशा वेळी पॅलेट फिरवून वाचणे, टॅगची जागा बदलणे किंवा खोकी रचण्यापूर्वीच वाहकपट्ट्यावर एकेक वाचून पॅलेटशी जोडणे यांचा उपयोग होतो. माझा कल शेवटच्या उपायाकडे आहे: एकेक खोके पट्ट्यावर वाचावे आणि दारात फक्त पॅलेटचा एक टॅग वाचावा.

न वाचल्या गेलेल्या प्रत्येक टॅगची कारणासह नोंद ठेवा: टॅग तुटला होता, लावलाच नव्हता, पाण्यामागे होता, की दुसऱ्या टॅगवर चिकटला होता. चाचणीतून निघणारी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ही यादी.

८. कागदपत्रे आणि साधने जमवा

चाचणीपूर्वी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात:

– मालाच्या प्रवासाचा आराखडा, प्रत्येक टप्प्यावर आज कोण काय नोंदवते यासह
– वस्तूंची अद्ययावत मूळ यादी. तीत दुहेरी नोंदी असतील तर त्या आधी काढाव्यात
– जागेचा मापांसह नकाशा, त्यात धातूच्या रॅक, वीज आणि नेटवर्कची ठिकाणे दाखवलेली
– क्रमांकपद्धतीचा लेखी दस्तऐवज आणि, प्रमाणित साचे वापरणार असाल तर, जीएस१कडून मिळालेला कंपनीचा उपसर्ग, म्हणजे तुमच्या क्रमांकांत येणारे कंपनीच्या ओळखीचे अंक
– रीडरला तुमच्या प्रदेशात वापराची मान्यता असल्याचे प्रमाणपत्र
– दोन-तीन प्रकारच्या टॅगचे नमुने आणि त्यांची माहितीपत्रके
– हातातला एक रीडर, आणि दारासाठी चार अँटेनांचा एक स्थिर रीडर
– लेबल छापताना क्रमांक लिहिणारा आणि सदोष टॅग ओळखून रद्द करणारा प्रिंटर
– अपवाद घडल्यास काय करायचे याचा एक पानी तक्ता, दारावर लावण्यासाठी

हातातला रीडर आधी घ्यावा आणि स्थिर रीडर नंतर, असे मी सांगेन. हातातल्या रीडरने मालाचे स्वभाव कळतात आणि पुढे स्थिर रीडर नापास झाला तरी मोजदादीला तो उपयोगी पडतोच.

९. माणसांशी आणि ग्राहकांशी आधीच बोला

टॅग मालावर असतो, पण त्याच्या नोंदीतून माणसाच्या कामाचा वेगही दिसतो. ही माहिती कशासाठी वापरली जाईल आणि कशासाठी नाही, हे कामगारांना सुरुवातीलाच लेखी सांगावे. ते न सांगितल्यास टॅग अचानक तुटू लागतात, आणि त्याचे कारण तंत्रात सापडत नाही.

माल ग्राहकाच्या घरी जाणार असेल तर विक्रीच्या वेळी टॅगचे काय करायचे ते ठरवा. यूएचएफ टॅगला पासवर्ड देऊन कायमचा निकामी करण्याची आज्ञा या टॅगच्या प्रमाणित नियमांतच आहे. झारा ज्या समूहाची आहे त्या इंडिटेक्सने २०१४ साली जाहीर केलेल्या योजनेत चिप कपड्याच्या चोरीरोधक कडीत बसवली होती. विक्रीच्या वेळी कडी दुकानातच राहते आणि पुन्हा वापरली जाते. ग्राहकाचा खासगीपणा आणि टॅगचा खर्च हे दोन्ही प्रश्न यात एकाच वेळी सुटतात, म्हणून जिथे शक्य असेल तिथे ही पद्धत जरूर विचारात घ्यावी.

१०. सुरू झाल्यावर देखभाल कोणाची, हे नावानिशी ठरवा

स्थिर रीडर बिघडला तर तो ओरडत नाही. तो फक्त कमी वाचतो. फोर्कलिफ्टचा धक्का लागून अँटेना थोडी वळते, केबलचा जोड सैल होतो, दाराजवळ नवीन पत्र्याचे कपाट येते, आणि हळूहळू नोंदी विरळ होत जातात. यासाठी प्रत्येक अँटेनाच्या नजरेत एक कायमचा ओळखीचा टॅग भिंतीवर लावून ठेवावा आणि सॉफ्टवेअरने तो ठरावीक वेळाने दिसतो का ते तपासावे. तो टॅग दिसेनासा झाला, किंवा त्याचा संकेत नेहमीपेक्षा बराच दुबळा आला, तर देखभाल करणाऱ्याला त्याच पाळीत सूचना जावी. या टॅगचा क्रमांक मालाच्या यादीतून वगळायला विसरू नका.

टॅगचा नवा रोल आला की त्यातले काही टॅग चाचणीतल्याच वस्तूंवर, त्याच कमी शक्तीवर तपासून जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. लेबल पुरवणारा तोच राहिला तरी आतली चिप किंवा अँटेनाचा आकार बदललेला असू शकतो. दुसरे दार आणि दुसऱ्या प्रकारचा माल हाती घ्यायचा तो पहिल्या दारावरचे लाल दिवे रोजच्या रोज मिटवले जात आहेत, हे नोंदींतून दिसल्यावरच.